करंड्यातला सेल

पुणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आईने "दिवाळीला येताय ना?" असे विचारले तेव्हा मी "बघू" म्हणून विषय बदलला. त्यामागचे कारण बोलण्यापेक्षा लिहून सांगणे मला सोपे जाईल. चिरंजीव आत्ताच झोपले आहेत, म्हणजे माझ्या हाती फार तर सव्वा तास आहे.

गणपतीत मी बाबांना जे बोलले ते मनातून जात नाही. कानाच्या यंत्रातला जुना सेल बाबांनी टेबलावर काढून ठेवला, दाराशी कुणाची हाक आली म्हणून ते उठले आणि परत येईपर्यंत सेल नाहीसा झाला होता. टेबलाखाली नातू मात्र काहीतरी चघळत बसला होता. बोट घालून काढले तर खोबऱ्याचा तुकडा निघाला, पण सेल आधीच पोटात गेला नसेल कशावरून? वाईहून साताऱ्याला पोहोचून एक्सरे होईपर्यंत, मागच्या सीटवर मान खाली घालून बसलेल्या बाबांना मी "एवढी वर्षे मुले वाढवलीत आणि इतके साधे कळू नये?" असे पुन्हा पुन्हा सुनावत राहिले. एक्सरेत काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने करंडा उघडला, तेव्हा सेल कुंकवात अर्धा रुतलेला सापडला.

भीती खोटी नव्हती. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या अस्तरातून वीज वाहून दोन तासांतही आतून भाजू शकते, आणि रिमोटमधला नाण्याएवढा लिथियमचा सेल तर त्याहून घातक असतो. परंतु बाबांवर आवाज चढवणाऱ्या मुलीच्या घरी, त्यानंतर महिन्याच्या आत, याच मुलाने टीव्हीच्या रिमोटचे झाकण उचकटले होते, हे मी तुम्हाला सांगितले नव्हते.

त्याला आता सव्वादोन वर्षे झाली. पहाटे पावणेसहाला उठतो, स्टूल ओढत ओट्याशी नेतो आणि मागच्या आठवड्यात त्याने अर्धा किलो तूरडाळ वॉशिंग मशीनमध्ये घातली. अडवले की फरशीवर आडवा होऊन टाचा आपटतो. मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग या वयात पुरता तयार झालेला नसतो, हे मला माहीत आहे. साडेसहाला डाळ वेचताना ते आठवत नाही, इतकेच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की या वयात दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल हवी. सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती मी घड्याळ लावून मोजत असते. वाईला मात्र अंगणातून घाटाकडे आणि घाटावरून पुन्हा अंगणात, आजोबांचे बोट धरून तो दिवसभर हिंडला आणि रात्री आठला गाढ झोपला. त्या चार दिवसांत मोजायची आठवण कुणालाच झाली नाही.

आई, लहानपणी तू मला जुन्या लुगड्याच्या पदराने खांबाला बांधून स्वयंपाक करायचीस, यावरून कॉलेजात असताना मी तुझ्याशी किती भांडले होते! या वर्षी मी सहा हजारांचे जाळीचे कुंपण आणले. चिरंजीवांनी ते दोन दिवसांत पाडले. लुगडे निदान टिकले तरी होते.

तेव्हा आम्ही वसुबारसेच्या आदल्या दिवशी येतो. बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा कोनाड्यातून फडताळाच्या वरच्या कप्प्यात हलवावा, आणि मागच्या अंगणातल्या आडावर जाळी बसवून घ्यावी; तिचे पैसे मी देईन, त्यावर वाद नको. जेवताना त्याला मोबाइल दाखवू नये, ही विनंती बाबांना आवडणार नाही याची कल्पना आहे, तरी करते. जुन्या सेलसाठी घट्ट झाकणाची बाटली मी घेऊन येईन. बाबा, साताऱ्याच्या वाटेवर जे बोलले त्याबद्दल मला क्षमा करा.

करंडा मात्र आईने हलवू नये. काही हरवलेच, तर आधी कुठे पाहायचे ते तरी ठरलेले असेल.

तुमची,
धाकटी