ओट्यामागची भिंत

बडोदे,
ऑगस्ट

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दादाकडून किल्ली घेऊन डांडिया बाजारातल्या तुमच्या घरी जाऊन आले. स्वयंपाकघर नीट पाहिलं. तू पाठवलेला तो निळ्या षटकोनी टाइल्सचा फोटोही पुन्हा पाहिला. देखण्या आहेत, त्यात वाद नाही. पण ओट्यामागच्या भिंतीवर मी त्या लावू देणार नाही. का, ते लिहूनच कळवते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तू म्हणालीस, "रत्नागिरीकराला दमट हवा शिकवू नकोस, बडोद्याला कसली आलीय ओल!" अगं, तुमच्याकडे हवा बहुतेक वर्षभर ओलसरच. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, भिंत पापडासारखी वाळते, आणि जुलै-ऑगस्टात मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो. त्यामुळे भिंत दरवर्षी आकसते आणि फुगते. ते सगळं सोसायचं कोणी, तर दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यानं. टाइलला काही होत नाही गं, ती भट्टीतून निघालेली असते. बिघडतो तो सांधा, आणि त्याहून जास्त टाइलच्या मागचा माल. तुझ्या षटकोनांमध्ये टाइलपेक्षा सांधेच जास्त दिसतात. रोजची फोडणी, हळद, तेलाचा धूर. सांध्यात भरलेलं साधं सिमेंटचं ग्राउट हे सगळं पिऊन टाकतं आणि चार-सहा महिन्यांत पिवळं-काळं दिसायला लागतं. पावसाळ्यात त्यावर बुरशी, ती वेगळीच.

आता भिंतीचं. ती विटांची आहे, वर जुना चुन्याचा गिलावा, आणि पलीकडे न्हाणीघर. ओट्याच्या वर हातभर उंचीपर्यंत लोणा आलाय, म्हणजे ओलीबरोबर क्षार बाहेर आलेत. बोटानं झटकलं की पांढरी भुकटी पडते. ही ओल हवेतली की भिंतीतली, हे बघायला मी प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडांनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिला. थेंब आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला होते. बाहेरच्या बाजूला असते तर खोलीतल्या वाफेला दोष दिला असता आणि पंखा बसवून मोकळी झाले असते. म्हणजे पाणी न्हाणीघराकडून येतंय. तिथली पाइपलाइन जुनी आहे. ती बदलल्याशिवाय टाइलचं नाव काढायचं नाही. ओल्या भिंतीवर घट्ट टाइल ठोकली तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते वर चढतं आणि टाइल संपते तिथे, बरोबर मांडणीच्या मागे, पोपडे धरतं. तुझा दादा म्हणाला, वरून वॉटरप्रूफिंगचा हात मारू. मी म्हटलं, ओल मागून येतेय, हात पुढून मारून काय होणार? त्यावर तो हसला आणि चहा मागवला. दादा कधी बदलणार नाही.

पाइप झाल्यावर चुना पार विटेपर्यंत काढायचा, विटांचे सांधे खरवडायचे, क्षार कोरड्या ब्रशनं झाडून काढायचे. पाण्यानं धुवायचे नाहीत, नाहीतर ते विरघळून परत विटेत शिरतात. मग नवं प्लास्टर, त्यावर आठवडाभर पाणी मारायचं आणि पुढे महिनाभर वाळू द्यायचं. या हवेत ते वाळत नाही. म्हणून मनात धरलंय, गणपती उठल्यावर प्लास्टर, आणि टाइल दिवाळीनंतर. आमचा कडिया, म्हणजे गवंडी, दाहोदकडचा आहे, दिवाळीला गावी जातो तो निवांत परततो. पण काम स्वच्छ करतो. "थई जशे बेन", होऊन जाईल ताई, हे मात्र सगळ्याला म्हणतो, तेव्हा समोर उभं राहावं लागतं.

टाइल मोरबीचीच येणार, इथल्या दुकानांत बहुतेक तोच माल असतो. एक बाय दोन फुटांची घ्यायची, चकचकीत. मॅटवर तेलाचे शिंतोडे बसले की हात दुखेपर्यंत घासावं लागतं. ओटा आणि मांडणी यांच्यात दोन फूट जागा सुटते, मी मोजलीय. टाइल उभी लावली की आडवा सांधाच येत नाही. दुकानदार विट्रिफाइडच, म्हणजे पाणी जवळजवळ न पिणारी, घ्या म्हणेल, पण तिथे त्याची गरज नाही. साधी वॉल टाइल मागून पाणी पिते हे खरं, पण पुढचं काचेसारखं ग्लेझ पीत नाही, आणि मागून आता पाणी यायचंच नाहीये. शिवाय ती हलकी असते आणि भोक पाडायला सोपी. दादाला संगमरवर हवाय. त्याला सांग, लिंबू-कोकम सांडलं की पॉलिश जातं, आणि पुसायला तो येणार नाही.

तुमची भिंत साडेनऊ फूट आहे. कडिया एका कोपऱ्यातून सुरू करतो आणि दुसऱ्या टोकाला जे उरेल ते कापून बसवतो. तसं करू द्यायचं नाही. भिंतीच्या मधोमध सांधा धरला तर दोन्ही टोकांना नऊ-साडेनऊ इंचांचे तुकडे येतात, छान दिसतात. टाइल मधोमध धरली तर साडेतीन इंचांच्या चिंधोट्या उरतात.

चिकटवायला ॲडेसिव्हच, आणि दातेरी थापीनं पूर्ण भिंतीवर ओढलेलं. मागे पाच ठिकाणी गोळे लावून टाइल दाबायची पद्धत आहे ना, त्यात मधे पोकळी राहते, तिथे ओल साठते आणि झुरळांचं तर विचारूच नकोस. बसवून झाल्यावर मी नाण्यानं एकेक टाइल वाजवणार आहे. पोकळ आवाज आला की काढायला लावणार. सांधा दोन मिलिमीटरचा, स्पेसर घालून. टाइलला टाइल भिडवून "जॉइंट-फ्री" करून देतो म्हणाला तर ऐकायचं नाही.

खर्च करायचाच तर तो ग्राउटवर कर. एपॉक्सी घे. साध्यापेक्षा बरंच महाग आहे, पण तुझी भिंत केवढी, जेमतेम वीस चौरस फूट! ते तेल-हळद पीत नाही. मात्र कालवल्यावर भराभर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि लगेच पुसायचं. वाळलेलं खरवडताना कडिया शिव्या घालतो. ओटा आणि टाइल जिथे भेटतात त्या फटीत ग्राउट नाही, सिलिकॉन. ग्रॅनाइट आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, तिथलं ग्राउट हमखास तडकतं.

निळा रंग तुला हवाच असेल तर गॅसच्या बाजूला नाही, सिंकच्या वरच्या दोन टाइल्स निळ्या घेऊ. एवढी सूट देते.

आता तू एक काम कर. मिक्सर, फ्रिज, पाण्याचं फिल्टर, इंडक्शन, काय कुठे ठेवणार ते कागदावर काढून पाठव. प्लगचे डबे प्लास्टरच्या आधी बसवायचे आहेत, आणि एक्झॉस्टचं भोकही तेव्हाच, खिडकीच्या वर. गणपतीच्या आत कागद आला नाही तर मी माझ्या मनानं बसवीन आणि मग मिक्सर कुठे लावू म्हणून मला विचारायचं नाही.

काकूंना नमस्कार.

तुझी,
मंदा