तरुणांच्या नैराश्यावर गोळ्यांआधीचा उपचार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलाला नैराश्य आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : "गोळ्यांशिवाय काही होणार नाही का हो?" कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकते, आणि त्याला मिळणारी दोन्ही प्रचलित उत्तरे मला अपुरी वाटतात. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे मिळतात, त्यामुळे सौम्य नैराश्य असलेल्या मुलाच्या हातीही थेट औषधाची चिठ्ठी पडते. घरी नातेवाईक सांगतात की हे सगळे मनाचे खेळ आहेत, त्याला चार दिवस मामाकडे पाठवा, सकाळी पळायला लावा, आपोआप ताळ्यावर येईल. या दोन्हींच्या मध्ये ठरावीक पद्धतीने, ठरावीक सत्रांत, प्रशिक्षित माणसाने बोलून करायचा उपचार आहे, आणि आपल्याकडे बहुसंख्य मुलांपर्यंत तो पोहोचतच नाही, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी औषधांविषयी, कारण अर्धवट माहितीने फार नुकसान होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली नैराश्यविरोधी गोळ्यांच्या वेष्टनावर मुलांसाठी कडक इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. ज्या चाचण्यांवरून हा निर्णय झाला, त्यांत गोळी घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४ टक्क्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन दिसले; औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण सुमारे २ टक्के होते. त्या चाचण्यांत एकाही मुलाने प्रत्यक्ष आत्महत्या केली नव्हती, ही बाब मात्र समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांत कधीच सांगितली जात नाही. या इशाऱ्याचा अर्थ एवढाच, की तरुण मुलांना गोळी सुरू करताना, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, बारीक लक्ष ठेवायला हवे. गोळी विष आहे असा त्याचा अर्थ कोणीही काढू नये.

ब्रिटनमधील डॉक्टरांसाठी उपचारांचे मार्गदर्शन ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. सौम्य नैराश्य असलेल्या मुलांना सुरुवातीला गोळ्या देऊ नयेत, गटातून किंवा संगणकाच्या साह्याने सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारा मानसोपचार) अथवा तत्सम मानसोपचार द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. नैराश्य मध्यम ते तीव्र असेल, तर १२ ते १८ वयोगटातील मुलांसाठी व्यक्तिगत मानसोपचार हा पहिला पर्याय मानला आहे. गोळीची गरज पडली तर ती मानसोपचाराच्या जोडीने द्यावी, अशी शिफारस आहे.

बोलून केलेला उपचार खरोखर गोळीच्या तोडीचा आहे का, हे पालकांनी विचारलेच पाहिजे. अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४३९ मुलामुलींवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटिन ही नैराश्यविरोधी गोळी आणि सीबीटी असे दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांना चांगला गुण आला, केवळ गोळीने ६१ टक्क्यांना आणि केवळ सीबीटीने ४३ टक्क्यांना. इथेच थांबले तर गोळीची बाजू वरचढ ठरते. पण छत्तीस आठवड्यांनंतरचे आकडे पाहिले, तर केवळ गोळी आणि केवळ सीबीटी हे दोन्ही गट ८१ टक्क्यांवर आले होते, आणि दोन्ही उपचार एकत्र मिळालेला गट ८६ टक्क्यांवर. आत्महत्येशी संबंधित विचार व प्रसंग मात्र केवळ गोळी घेणाऱ्या गटात सर्वाधिक होते. म्हणजे मानसोपचाराचा गुण उशिरा येतो, पण येतो. हा उशीर ज्याला परवडणारा नाही, त्याला औषध द्यावेच लागते, आणि हा निर्णय शेजाऱ्यांनी नव्हे, मनोविकारतज्ज्ञांनी घ्यायचा असतो.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देण्याचीही सोय नाही. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोलून करायचा एक उपचार तपासून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन, त्यांच्याकडून रुग्णांची सहा ते आठ सत्रे घेतली गेली. तीन महिन्यांनंतर या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हे रुग्ण १८ वर्षांवरील होते आणि त्यांत मध्यमवयीन स्त्रिया अधिक होत्या, त्यामुळे तेच आकडे शाळकरी मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या माणसाच्या हातून हा उपचार होऊ शकतो, हे आपल्या अगदी शेजारच्या राज्यात सिद्ध झाले आहे.

गोव्यात वापरलेल्या या पद्धतीचा गाभा दिसायला साधा आहे. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, सोडलेल्या कामाबरोबर त्यातला आनंदही जातो, आणि मन आणखी खचते. हे चक्र कृतीच्या टोकाकडून उलटे फिरवायचे. अकरावीतल्या एका मुलीला मी आठवडाभर वही ठेवायला सांगितले. दर दोन तासांनी काय केले आणि तेव्हा मन कसे होते, याला शून्य ते दहा गुण, एवढेच त्यात लिहायचे. "सगळीकडे शून्यच येणार," असे ती म्हणाली होती. वही आली तेव्हा दुपारी पांघरूण घेऊन मोबाइल पाहण्याच्या तासांना एक-दोन गुण होते, क्लासला दोन, आणि सकाळी धाकट्या भावाचा डबा भरण्याला पाच. तो पाच तिने स्वतः लिहिला होता, म्हणून त्यावर बोलता आले. पुढच्या आठवड्यात दुपारच्या त्या तासांपैकी एकाच तासात, ठरलेल्या वेळी, स्वयंपाकघरात एक पदार्थ करायचा असे आम्ही ठरवले. मन लागेल तेव्हा नव्हे, घड्याळात चार वाजले की. अशी एकेक पायरी चढत सत्रे पुढे गेली. 'पळायला जा' या सल्ल्यात आणि या उपचारात फरक आहे तो इथे. व्यायामाने नैराश्य कमी होते याला चांगला आधार आहे, पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला मैदानापर्यंत कसे न्यायचे हे कोणीतरी त्याच्यासोबत बसून आखावे लागते.

सीबीटीत याच्या जोडीला विचारांवर काम होते. "एका विषयात गेलो म्हणजे मी कामातूनच गेलो" हे वाक्य मुलगा स्वतःशी दिवसातून शंभरदा म्हणत असतो आणि ते तपासून पाहायला त्याला कोणी शिकवलेले नसते. मराठीत या कामाची परंपरा आहे, याचा मला अभिमान वाटतो. कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने ती सामान्य घरांपर्यंत नेली. मुलाशी त्याच्याच भाषेत बोलायला लागणारे शब्द आणि अनुभव आपल्यापाशी आहेत. तुटवडा आहे तो माणसांचा आणि जागांचा.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) आढळले, की नैराश्य असलेल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे पंच्याऐंशी उपचारांविना राहतात. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत; नंदुरबारमधल्या दुर्गम धडगावच्या किंवा चंद्रपूरमधल्या जिवतीच्या मुलीला त्यांचा काय उपयोग? शहरात खासगी समुपदेशनाच्या एका सत्राचेच हजार-दीड हजार रुपये सहज होतात, त्यामुळे आठ-दहा सत्रांपेक्षा महिन्याची गोळ्यांची पाकिटे कितीतरी स्वस्त पडतात. गरीब घरातल्या मुलाला गोळी मिळते ती पुष्कळदा याच हिशोबाने, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला दिला आहे, आणि त्या हक्कात समुपदेशन व मानसोपचारही धरले गेले पाहिजेत.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला आहे. त्याचे पालन एखाद्या शिक्षकाला अतिरिक्त कार्यभार देऊन आणि वर्षातून एकदा सभागृहात 'सकारात्मक राहा' असे व्याख्यान ठेवून होऊ नये. तीस तास शिकवणाऱ्या माणसाकडे एका मुलासाठी आठवड्याला चाळीस मिनिटे नसतात, आणि आपल्याला अंतर्गत गुण देणाऱ्यासमोर मुलगाही मन मोकळे करत नाही.

पर्यायाच्या शोधात असलेल्या पालकांना काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, भास होत असल्याचे सांगत असेल, जीव द्यायची भाषा करत असेल किंवा त्याची तयारी करत असेल, तर समुपदेशनाची वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. तिथे औषध हाच पहिला आधार ठरू शकतो. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, त्या टप्प्याटप्प्यानेच कमी कराव्या लागतात, नाहीतर चक्कर, चिडचिड, झोपेचा बिघाड असे त्रास होतात आणि आजारही उलटतो. एकदा रक्त तपासून घ्या, कारण थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता यांमुळेही मूल मलूल होते. रात्री-अपरात्री आधार हवा असेल तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' चालते, पण ते कोणत्या वारी, किती वाजता उघडे असते हे विद्यार्थ्यांना माहीत नसते. आपल्या जिल्हा आवृत्त्यांमध्ये ही ठिकाणे, वार आणि वेळा दर महिन्याला एकदा, परीक्षांच्या काळात दर आठवड्याला, छापल्या जाव्यात. आणि जिथे समुपदेशकाचे पद रिक्त आहे तिथे ते किती महिने रिक्त आहे, हेही सोबत छापावे.

कळावे,
आपली विश्वासू,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक समुपदेशक, सातारा