सोनोग्राफीत ‘नीट दिसले नाही’ म्हणजे काय?

महोदय,

‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही’ असा रिपोर्ट हातात ठेवून पूर्ण फी घेतली, ही एका वाचकाची तक्रार आपल्या स्तंभात वाचली. नौपाड्यात मी रोज हेच काम करते, म्हणून लिहिते.

प्रोबमधून (पोटावर फिरवतो त्या उपकरणातून) निघालेली ध्वनिलहर शरीरात शिरली की वाटेतच विरत जाते. बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन मुरते, काही इकडेतिकडे विखुरते. मऊ ऊतींसाठी आमचा ठोकताळा असा : दर सेंटीमीटरला, लहरीच्या वारंवारतेच्या दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल घट (डेसिबल म्हणजे लहर किती क्षीण झाली याचे माप). पोटासाठी ३.५ मेगाहर्ट्झ वापरले, तर १० सेंटीमीटर आत पोचेपर्यंत तीव्रतेचा पन्नासावा भागही उरत नाही. प्रतिध्वनीला पुन्हा तेवढीच वाट तुडवायची असते. थायरॉइडचे बारकावे सुरेख दाखवणारा १० मेगाहर्ट्झचा प्रोब इथे लावला, तर त्याच खोलीवर उरतो लाखावा भाग. ‘मशीन नवीन आहे ना, मग?’ असे लोक विचारतात. खोलवरून आलेला क्षीण प्रतिध्वनी मशीन वाढवून दाखवते, पण सोबत खरखरही वाढते.

हवेचे तर विचारूच नका. तिच्या सीमेवरून जवळजवळ सगळी लहर माघारी फिरते, आणि स्वादुपिंड नेमके जठर-आतड्यांच्या मागे दडलेले. म्हणून प्रोब आणि त्वचेमधली हवा घालवायला तो गार जेल, म्हणून उपाशीपोटी येण्याचा आग्रह. तहसील कचेरीजवळ मिसळ हाणून थेट टेबलावर चढणारे पेशंट ठाण्यात मला नवे नाहीत! पाण्यात मात्र लहर फारशी विरत नाही. भरलेली लघवीची पिशवी म्हणजे आम्हाला गर्भाशयाकडे उघडणारी खिडकीच.

शिवाय हे विरणे दर वेळी आडवेच येते असे नाही. पित्ताशयातला खडा आम्ही पक्का करतो तो त्याच्या मागे पडणाऱ्या काळ्या सावलीवरून. यकृतात चरबी साठली की लहर लवकर थकते, मागचा भाग आणि श्वासपटल धूसर होते. ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ लिहिताना तो धूसरपणाही आम्ही मोजतो.

तक्रारदारांचा राग एका बाबतीत मला पटतो. इंग्रजीतली अर्धी ओळ छापून आम्ही मोकळे होतो. नेमका कोणता भाग दिसला नाही, पुन्हा उपाशीपोटी यायचे की सीटी स्कॅन करायचा, हे मराठीत लिहून द्यायला दोन मिनिटे पुरतात. फी परत द्यावी, हे मात्र मला मान्य नाही. तपासणी झाली होती.

– एक रेडिऑलॉजिस्ट, नौपाडा, ठाणे