पिल्लाच्या मांडीला कामट्या नकोत

संपादक महोदय,

सा. न.

आमचे बटण हे चार महिन्यांचे गावठी पिल्लू, माझ्या शिलाई मशीनखालच्या चिंध्यांत वाढलेले. गेल्या महिन्यात त्याला मोटारसायकलने उडवले. मागचा उजवा पाय गुडघ्याच्या जरा वरून लोंबू लागला. दवाखान्यात नेले तर एक्स-रेची सोय नाही. "कामट्या बांधा, पिल्लाचे हाड आहे, आपोआप जुळेल."

जुळते, ते खोटे नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या काळ्याचेही जुळले होते, पण वाकडे. महिनाभर पाय ताठ बांधलेला, त्यात मांडीचा स्नायू हाडाला चिकटला आणि गुडघा काठीसारखा कडक झाला. तो पाय त्याने पुन्हा कधी वाकवला नाही. कामट्या मीच बांधल्या होत्या.

म्हणून या वेळी पिल्लू टोपलीत घातले आणि लोणंदमार्गे शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठले. शेजारीण हसली, "गावठी कुत्र्याचं ऑपरेशन?" हसू दे. तिथे दोन बाजूंनी एक्स-रे काढला. वाढत्या पिल्लाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो, हाड लांब होते ते तिथून. हा थर हाडापेक्षा नाजूक, म्हणून मार लागला की तिथूनच तुकडा सरकतो. त्या थरावरून हाड जोडायची धातूची प्लेट आवळली तर वाढ खुंटते. त्याऐवजी दोन गुळगुळीत बारीक तारा एकमेकींना छेद देऊन घालतात. अस्तर सरकू नये म्हणून मी टाचण्या लावते, तसेच. मला लगेच उमगले.

मांडीला प्लास्टर का नको, तेही डॉक्टरांनी सांगितले. तुटलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडता आले तरच प्लास्टरचा उपयोग. कुत्र्याचा खुबा जखडणार कसा? गुडघ्याखालचे हाड मोडले आणि फारसे सरकले नसेल, तर प्लास्टर पुष्कळदा पुरते.

अपघात सोमवारी झाला, ऑपरेशन गुरुवारी. पिल्लाचे हाड झपाट्याने भरते, त्यामुळे उशीर झाला की चुकीच्या जागीच धरते आणि मग ते जागेवर आणणे अवघड. दुसऱ्या दिवसापासून गुडघा हळूहळू वाकवायला सांगितले होते. पळणे चार आठवडे बंद. त्याला कोंडून ठेवणे हे ऑपरेशनपेक्षा कठीण गेले, माझे दोन ब्लाउजपीस त्यात फाटले.

प्रत्येक तालुक्यात शस्त्रक्रियेची सोय व्हावी असे म्हणत नाही. पण दवाखान्याच्या दारावर एक पाटी लावता येईल: पिल्लाची मांडी मोडली असेल तर कामट्या बांधू नका, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, टोपलीत किंवा खोक्यात ठेवून दोन-तीन दिवसांत अमुक ठिकाणी न्या. खाली पत्ता आणि फोन. पाटी रंगवायचा खर्च मी देते.

– शिलाईकाम करणारी एक वाचक, फलटण