सरीला घाबरले म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात क्रीडा पानावर आपल्या स्तंभलेखकांनी फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरांना 'एका सरीला घाबरणारे' ठरवून टाकलं. सकाळी वाचलं, चहा गार झाला, पण गप्प बसलो. दुपारी पुन्हा वाचलं. आज लिहायला बसलोय. लेख छान आहे, वाद नाही. भाषा तर अशी गुळगुळीत की वाचणारा घसरलाच पाहिजे.

मी तज्ज्ञ वगैरे नाही. एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली बरीचशी चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट. निवृत्तीनंतर २०२२ साली लेकीकडे सिंगापूरला गेलो होतो, तेव्हा तिने ही शर्यत दाखवली. हीच ती, जिच्यावरून 'तासभर गाड्या झाकून बसले' असं तुमचे लेखक हिणवतात. तासभर नव्हे, ६५ मिनिटं. हिणवायचंच तर नीट मोजून हिणवा. मी ती मिनिटं एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या रेनकोटात बसून मोजली आहेत.

आठची शर्यत. तासभर उरला असताना आभाळ फाटलं. विजा अशा की दिव्यांनी लखलखणारा तो रस्ताही क्षणभर फिका वाटावा. पाऊस उणावला तरी कडेच्या भिंतींना लागून पाणी तुंबलेलं, माणसं झाडूने ते ढकलतायत. लेक म्हणाली, "बाबा, निघूया का? भिजून आजारी पडाल." नातवाने विचारलं, "आजोबा, तुमची एसटी थांबली असती का?" म्हटलं, थांबली असती म्हणजे काय, थांबवलीच आहे. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहायला लागलं की गाडी अलीकडे उभी करायची. मागून कितीही हॉर्न वाजोत, पाठीमागचे पॅसेंजर कितीही शहाणपणा शिकवोत.

आता लेखकांना एक गोष्ट सांगतो. जूनचा पहिला पाऊस होता. पहिला पाऊस सगळ्यात वाईट. वर्षभराचं ऑइल आणि धूळ वर येते, रस्त्याला साबण लावल्यासारखं होतं. कराड स्टँडच्या अलीकडे नुकतेच पांढरे झेब्रा पट्टे मारलेले. गाडी जेमतेम २० च्या वेगात. एक पोर आडवं आलं. ब्रेक मारला, डांबरावर गाडी धरत होती, पण चाक पट्ट्यावर आलं आणि सुटली. सरकली असेल हात-दोन हात. पोर पळालं. पण मागे एका बाईंची पाटी उलटली आणि रायवळ आंबे गडगडत थेट माझ्या क्लचपाशी आले. कंडक्टर आंबे वेचतोय, बाई माझा उद्धार करतायत, आणि मी खाली उतरून तो पट्टा हाताने चाचपून बघतोय. काच बरी.

सिंगापूरच्या त्या रस्त्यावर वर्षभर बसगाड्या धावतात. म्हणजे पट्टे आले, बाण आले, मॅनहोलची झाकणं आली. झाकणं उचकटू नयेत म्हणून शर्यतीआधी वेल्डिंग करतात. ओली झाल्यावरचा त्यांचा निसरडेपणा काही वेल्डिंगने जात नाही. बांधीव ट्रॅकवर घसरलं तर बाजूला खडी असते, मोकळी जागा असते. इथे भिंत. आमच्या घाटात निदान एका बाजूला दरी असते, निवड करता येते!

शर्यत ९ वाजून ५ मिनिटांनी सुटली आणि मग जे पाहिलं ते लेखकांनी टीव्हीवर तरी पाहायला हवं होतं. रात्रीची वेळ, ऊन नाही, हवा आपल्या जूनसारखी चिकट. रस्ता वाळणार कसा? गाड्यांच्या चाकांनी वाळेल तेवढाच. त्यामुळे अर्धी शर्यत सरली तरी सगळे हिरव्या पट्टीच्या मधल्या, म्हणजे ओलसर रस्त्यासाठीच्या टायरवर. कोरडी वाट झाली ती एका गाडीच्या रुंदीची, पुढच्याला गाठायचं तर ओल्यात उतरायचं. कोरड्याचे टायर कधी लावायचे याचा अंदाज कुणालाच येईना. २१व्या फेरीला रसेल नावाच्या एकट्या ड्रायव्हरने लावले आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे बघत बसले. मला हसू आलं. फरशीवर पाणी असलं की आम्हीही हेच करायचो, एखादा उतावळा ट्रकवाला आधी जाऊ द्यायचा आणि त्याच्या चाकाला पाणी कुठवर लागतं ते बघायचं. रसेलचा ट्रक वाहून गेला नाही एवढंच, आला शेवटचा.

सात वेळचा जगज्जेता हॅमिल्टन ३३व्या फेरीत सातव्या वळणावर सरळ जाऊन धडकला. पुढे व्हर्स्टापेन नॉरिसला मागे टाकायला गेला, तर त्याच वळणावर ब्रेकने चाकं जाम होऊन सरळ बाहेरच्या वाटेत. सहा गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्याच नाहीत; त्यातल्या दोघांची इंजिनं गेली, ती सोडा. ६१ पैकी ५९ फेऱ्या होईतो दोन तासांची मुदत संपली. एवढं सगळं 'एका सरीने' केलं, आणि तेही ६५ मिनिटं थांबून. न थांबता काय झालं असतं याचा हिशेब लेखकांनीच मांडावा.

(जिंकला पेरेझ. त्याला ५ सेकंदांचा दंड झाला होता, कशासाठी, तर अपघातानंतर सगळ्यांना हळू नेणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे दहा गाड्यांच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवलं म्हणून. आमच्या हयातभर 'सुरक्षित अंतर ठेवा' हे गाडीच्या पाठीवर रंगवलेलं होतं. असो, साडेसात सेकंदांनी पुढे होता, वाचला.)

'पाण्याचे टायर असतात की' असंही लेखात आहे. असतात. पिरेली कंपनीचा भर पावसासाठीचा निळ्या पट्टीचा टायर ताशी ३०० च्या वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. घरातल्या चार-पाच बादल्या! पण ते पाणी जातं कुठे? मागच्याच्या तोंडावर. दोन्हीकडे भिंती, त्यामुळे तो फवारा तिथेच कोंडून राहतो. टायर रस्ता धरेल हो, पण ड्रायव्हरला रस्ता दिसायला नको? आमच्या गाडीला वायपर तरी होता. चालायचाच असं नाही, पण होता.

आणि आता मुख्य गोष्ट. पूर्वीचे ड्रायव्हर कसे मर्द, याला पुरावा म्हणून दिलंय १९८४ चं मोनॅको आणि ब्राझीलचा ड्रायव्हर सेन्ना. साहेब, ती शर्यत ७७ फेऱ्यांची होती आणि ३१ फेऱ्यांवर थांबवली. कशामुळे? पावसामुळे! थांबवणारा जॅकी इक्स, जो स्वतः पावसात गाडी चालवण्यासाठीच नावाजलेला. सुटलीही पाऊण तास उशिरा, कारण बोगद्यातला रस्ता कोरडा आणि तेलकट, आणि गाड्या बाहेरचं पाणी आत आणणार; म्हणून तिथे मुद्दाम पाणी मारून तो भिजवावा लागला. पाऊण शर्यतही झाली नाही म्हणून गुणही निम्मे. प्रॉस्टला जिंकून साडेचार मिळाले आणि वर्षअखेर विजेतेपद लौडाला गेलं ते अर्ध्या गुणाने. शर्यत पुरी होऊन प्रॉस्ट दुसरा आला असता तरी ६ मिळाले असते. थांबवणं चूक होतं की बरोबर यावर आजही लोक भांडतात, खुशाल भांडावं. पण न थांबण्याचा दाखला म्हणून थांबवलेली शर्यत द्यायची म्हणजे कमाल आहे. १९९१ ला ॲडलेडमध्ये तर १४ फेऱ्यांत आटोपलं, आणि 'थांबवा' म्हणून हात हलवणाऱ्यांत खुद्द सेन्ना होता. तोही घाबरट का?

शर्यतीआधीच्या शुक्रवार-शनिवारच्या सरावाचं तर लेखकांच्या गावीच नाही. शहराच्या रस्त्यावर पहिल्या दिवशी पकड नसते. गाड्या फिरून फिरून टायरचं रबर रस्त्याला बसतं तेव्हा कुठे वेग येतो. एक जोराची सर आली की दोन दिवसांची ती मेहनत गटारात. चेन्नईच्या रस्त्यावरची फॉर्म्युला फोरची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने पुढे ढकलली, ऑगस्ट २०२४ ला धरली तर शनिवारी पुन्हा पाऊस आणि वेळापत्रकाचा बोऱ्या. हे तर आपल्याच देशातलं, याच पानावर आलेलं.

लेखकांनी एकदा जुलैत चिपळूणला यावं. घाटातून पुढच्या सीटवर बसवून नेण्याची व्यवस्था करतो. आंब्यांची पाटी मात्र बरोबर आणू नये.

कळावे,
एक निवृत्त चालक, चिपळूण

ता. क. : मागे एकदा याच शर्यतीची वेळ आपण 'भारतीय वेळेनुसार रात्री ८' अशी छापली होती. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. शेजारचे चौघे बोलावले, हिने कांदाभजी तळली, आठला टीव्ही लावला तर बक्षीस समारंभही उरकला होता. त्याचा खुलासा अजून आलेला नाही.