चि. ताईस पत्र : एकच ऑर्डर दोनदा आली तर

सोलापूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

नव्या नोकरीत ऑर्डर आणि पेमेंट सांभाळणारा सर्व्हरचा भाग तुझ्याकडे आला, हे ऐकून मला फार आनंद झाला. ऑर्डरचे एकदा दाबलेले बटण लगेच बंद केले तर एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाणार नाही ना, असे तू फोनवर विचारलेस. त्याचे उत्तर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बटण बंद करणे ही ग्राहकाची सोय झाली. हिशेबाची हमी सर्व्हरनेच द्यायची असते.

मी इथल्या चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांची कामे करते, त्यांतलेच उदाहरण घे. समज, हुबळीचा एक दुकानदार अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याकडे मोबाइलवरून 50 चादरींची ऑर्डर पाठवतो. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोहोचते, ऑर्डर नोंदली जाते, साठ्यातून 50 नग वजाही होतात, आणि उत्तर परत जात असताना त्याच्या मोबाइलची रेंज जाते. त्याच्या लेखी काहीच घडलेले नसते, म्हणून तो पान नव्याने उघडून तीच ऑर्डर पुन्हा पाठवतो, आणि पान नव्याने उघडल्यामुळे तू बंद केलेले बटणही पुन्हा चालू झालेले असते. ॲप आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी पद्धतीने एकमेकांशी बोलतात, तिचे सध्याचे नियम 2022 सालच्या आरएफसी 9110 या दस्तऐवजात आहेत. त्यांनुसार पुट आणि डिलीट या प्रकारच्या रिक्वेस्ट कितीही वेळा आल्या तरी अपेक्षित परिणाम एकदाच केल्यासारखा व्हायला हवा. पोस्ट या प्रकाराला मात्र असे बंधन नाही, आणि ऑर्डर तर पोस्टनेच येते. म्हणजे ही जबाबदारी आपल्या कोडवर येते.

उपाय असा, की ऑर्डरचा फॉर्म उघडतानाच ॲपने एक यूयूआयडी, म्हणजे दुसरीकडे पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक, तयार करावा, ऑर्डरला उत्तर मिळेपर्यंत तो मोबाइलमध्येच जपून ठेवावा आणि प्रत्येक वेळी रिक्वेस्टबरोबर तोच पाठवावा. बटण दाबताना तयार केला तर दर दाबण्याला नवा क्रमांक मिळेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. सर्व्हरवर ग्राहक आणि हा क्रमांक मिळून टेबलावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी पुन्हा नोंदू न देणारा नियम, लाव. इथे अनेक जण आधी सिलेक्टने ‘असा क्रमांक आहे का’ असे पाहतात आणि नसेल तर इन्सर्टने नवी ओळ घालतात. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असेच उत्तर मिळते आणि ऑर्डर दोन होतात. म्हणून आधी विचारत बसू नकोस. सरळ इन्सर्ट कर. दुसरीला डेटाबेसच अडवील. ती त्रुटी पकडून ग्राहकाला पहिल्या ऑर्डरचेच उत्तर परत दे, कारण त्याला ‘चूक झाली’ असा संदेश दिसला तर तो तिसऱ्यांदा पाठवील. क्रमांक तोच पण माल किंवा नग वेगळे असतील, तर मात्र ती रिक्वेस्ट नाकारायलाच हवी.

हा क्रमांक, ऑर्डर आणि साठ्यातली वजावट या तिन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्या पाहिजेत. पेढीवरचा दिवाणजी जसा रक्कम नावे टाकून जमेची बाजू उद्यावर ठेवत नाही, तसे हे आहे: सगळ्या नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही. साठा वजा करताना आधी आकडा वाचून, कोडमध्ये वजाबाकी करून तो परत लिहू नकोस. साठा 50 किंवा त्याहून जास्त असेल तरच 50 वजा कर, अशी अट अपडेटमध्येच घाल आणि किती ओळी बदलल्या ते तपास. शून्य आले तर माल शिल्लक नाही आणि सगळे रोलबॅक करायचे, म्हणजे केलेले बदल मागे घ्यायचे. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसवर काम आले तर टेबले कोणत्या इंजिनवर (नोंदी साठवणाऱ्या भागावर) आहेत ते पहिल्याच दिवशी बघ. 5.5 आवृत्तीपासून इनोडीबी हे वेगळे न सांगता मिळणारे इंजिन झाले. त्याआधीच्या मायआयसॅम टेबलांवर रोलबॅकचा परिणाम होत नाही, आणि कोड मात्र वरून अगदी बरोबर दिसतो.

बिल क्रमांकाचा प्रश्न वेगळा आहे, आणि बाहेरून आलेल्या पुष्कळ प्रणाली तिथे अडखळतात. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, 16 पेक्षा जास्त अक्षरे नसलेला आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. डेटाबेसने आपोआप दिलेल्या आकड्याने (ऑटो इन्क्रिमेंट किंवा सीक्वेन्स) तो सलग राहीलच असे नाही, कारण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले तरी घेतलेला आकडा परत येत नाही आणि मध्ये खंड पडतो. त्यासाठी पेढी आणि आर्थिक वर्ष यांची एक ओळ असलेले छोटे टेबल ठेव आणि बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, अगदी शेवटी, त्या ओळीत एक मिळव. शेवटी अशासाठी, की त्या ओळीचे कुलूप कमिटपर्यंत, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्के होईपर्यंत, सुटत नाही आणि तोवर बाकीची बिले खोळंबतात. आर्थिक वर्ष मात्र भारतीय वेळेने ठरव. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर आपल्याकडे 1 एप्रिलची पहाट, 5:30 वाजेपर्यंत, त्याच्या दृष्टीने 31 मार्चच असते, आणि तेवढ्या वेळात झालेली बिले मागच्या वर्षात जाऊन बसतात. रक्कम पैशांत, पूर्णांकात किंवा डेसिमल प्रकारात ठेवायची, अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या फ्लोटमध्ये कधीच नाही, हे तुला ठाऊक आहेच.

आता जे रोलबॅक होत नाही त्याविषयी. गेलेला एसएमएस परत येत नाही आणि खात्यातून वळते झालेले पैसे आपल्या डेटाबेसला विचारून वळते होत नाहीत. ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून पेमेंट गेटवेला, म्हणजे पैसे घेणाऱ्या बाहेरच्या सेवेला, हाक मारू नकोस. गेटवे रेंगाळला की तुझी कुलुपेही तितकाच वेळ अडकून पडतात. एसएमएस पाठवायचा असेल तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचे संदेश’ अशा टेबलात ओळ घाल, आणि कमिटनंतर वेगळ्या प्रोसेसने ते पाठवू दे. गेटवेला टाइमआउट झाला, उत्तर वेळेत आले नाही, म्हणजे पेमेंट फसले असे धरू नकोस. यूपीआयमध्ये पैसे गेलेले असतात आणि उत्तर मागाहून येते, म्हणून ऑर्डर ‘प्रलंबित’ ठेवून स्थिती विचारत राहणे हेच बरोबर. वेबहुक, म्हणजे गेटवेने आपण होऊन सर्व्हरला पाठवलेला निरोप, दोनदा येईल, उलट्या क्रमानेही येईल हे धरूनच चाल. त्याची डिजिटल सही आलेल्या मूळ मजकुरावरच तपास, त्याची जेसन मांडणी उलगडून पुन्हा बांधलेल्या मजकुरावर नव्हे. त्यातली रक्कम आपल्या ऑर्डरच्या रकमेशी ताडून पाहा, आणि मुळात किती पैसे घ्यायचे तेही आपल्या टेबलावरून ठरव, ब्राउझरने पाठवलेल्या आकड्यावरून नाही.

हे सगळे लिहून झाले की चाचणीच्या सर्व्हरवर कमिटच्या ओळीआधी दहा सेकंदांचा विराम घालून प्रोसेस मध्येच मारून टाक आणि टेबले बघ. मग कमिट झाल्यावर पण उत्तर जाण्याआधी मार, आणि तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठव. दोन टर्मिनलांवरून एकाच यूयूआयडीने एकदमही पाठवून बघ. पहिल्या वेळी एकही ओळ दिसता कामा नये, पुढच्या दोन्ही वेळी ऑर्डर एकच असली पाहिजे. टेबलांची रचना झाली की मला पाठव, युनिक कन्स्ट्रेंट कुठे कुठे लागतील ते आपण रविवारी बसून पाहू.

तुझी,
आई