आचेच्या तलवारी कशा ओळखायच्या : मित्रास पत्र

आर्नहेम, नेदरलँड्स

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लिलावाच्या यादीतला तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. खाली ‘आचेचा क्लेवांग’ असं छापलंय (आचे म्हणजे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाचं उत्तर टोक, क्लेवांग हा तलवारीचा एक प्रकार), पण ती क्लेवांग नाही. ती सिकिन पांजांग, म्हणजे आचेचीच दुसऱ्या प्रकारची तलवार आहे, असं मी बऱ्याच खात्रीने म्हणतो. असं नाव लागतं कसं, ते आधी सांगतो, कारण इथल्या निम्म्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

डच सैन्य १८७३ मध्ये आचेवर चालून गेलं. १४ एप्रिलला बैतुर्रहमान मशिदीपाशी त्यांचा सेनापती जनरल कोलर गोळी लागून पडला आणि पुढे युद्ध तीसहून अधिक वर्षं रेंगाळलं. पडलेल्यांच्या, शरण आलेल्यांच्या हातातली शस्त्रं सैनिकांनी घरी आणली. त्यांच्या लेखी समोरून अंगावर येणारी प्रत्येक तलवार क्लेवांगच होती. तेच नाव चिठ्ठीवर गेलं, तिथून वारसांकडे आणि शेवटी लिलावात. ज्यांची शस्त्रं होती, त्यांना कोणी विचारलंच नाही. म्हणून नावाची ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

तू आधी पात्याची बाह्यरेषा बघ. खऱ्या क्लेवांगचं, म्हणजे आचेतल्या ग्लिवांगचं, पातं मुठीशी अरुंद असतं आणि टोकाकडे रुंद होत जातं. वजन पुढे येतं, त्यामुळे घाव आपल्या कोयत्यासारखा बसतो. सिकिन पांजांगचं पातं लांब, सडपातळ, एकधारी आणि जवळजवळ सरळ असतं. त्याची रुंदी शेवटपर्यंत साधारण तीच राहते आणि मुठीला परज, म्हणजे हात वाचवणारा आडवा भाग, नसते. तुझ्या फोटोत पाठ आणि धार जवळपास समांतर धावताना दिसतात. एवढ्यावरच ग्लिवांग बाद होते.

मग मूठ. सिकिनची मूठ बहुधा म्हशीच्या शिंगाची, आणि तिचं टोक दोन फाट्यांत उघडलेलं. पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे काही तलवारींना मुकुटासारखं कडं असतं, सोन्याचं किंवा सोनं-तांब्याच्या मिश्रणाचं, वर मिनाकाम. अशी तलवार मानकऱ्याची. आचेच्या सोनारांचं ते काम भिंगाखाली पाहिलं ना, की किंमत वगैरे विसरायला होतं!

खरी कसोटी डोंगरात लागते. आचेच्या डोंगराळ भागातल्या गायो लोकांची लुजू नारू ही तलवार आणि सिकिन पांजांग इतक्या सारख्या, की तलवार कुठून आली याची नोंद नसेल तर मी दोन्हींत फरक करत नाही, आणि करतो म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवत नाही. गायो आणि आलास भागातली अमानरेमु मात्र टोकाकडे रुंदावते, म्हणून तिला सर्रास ग्लिवांग म्हटलं जातं. तिथे पात्यावर विसंबू नये, मूठच बघावी. आणि एखाद्या तलवारीच्या कागदावर ‘गायो, १९०४’ असं दिसलं, तर जरा थांब. त्या वर्षी डच अधिकारी फान डालेनच्या फौजेने त्या मुलखात गावंच्या गावं कापून काढली. १४ जूनला कुता रेह हे गाव पडलं, तिथल्या प्रेतांच्या ढिगांचे फोटो आजही उपलब्ध आहेत. अशी वस्तू मी विकत घेणार नाही.

तुला जास्त चकवेल ती पेदेउंग, म्हणजे हिंदुस्थानी घाटाच्या मुठीची आचेची तलवार. तुझी नजर मराठा शस्त्रांवर तयार झालेली. परज, चकती असलेली धातूची मूठ दिसली की तू लगेच ‘आपली’ म्हणशील. पण आचेचं गुजरातशी जुनं दळणवळण. सुरतेजवळच्या रांदेरचे इस्लामी विद्वान नूरुद्दीन अल-रानिरी १६३७ मध्ये आचेच्या दरबारात पोचले, मग मुठीचा घाट पोचला यात नवल काय! शेजारच्या बाटाक लोकांची पिसो पोदांग ही तलवारही त्याच कुळातली, पितळी मुठीची, टोकाला पेल्यासारखा भाग असलेली. अशा वेळी म्यान मागून घे. सुमात्रातलं लाकडी, पट्ट्यांनी आवळलेलं म्यान आपल्याकडच्या कातडं किंवा मखमल चढवलेल्या म्यानापेक्षा सहज वेगळं कळतं.

आणि हाताला झाकणारं पोलादी कवच, वर कारखान्याचा शिक्का असेल, तर ती आचेची नव्हेच. १८९० मध्ये उभ्या राहिलेल्या मारेशॉसे पथकासारख्या डच वसाहती सैन्याची ती क्लेवांग, १८९८ चा नमुना. तिच्याच धर्तीवर अमेरिकी नौदलाने १९१७ ची आपली तलवार बनवली. विक्रेते तिलाही ‘आचेची’ म्हणून खपवतात, कारण अर्थात आचेच्या नावाला भाव जास्त.

तेव्हा विक्रेत्याकडून तीन फोटो मागव : मुठीचं टोक समोरून, पातं मुठीत शिरतं तो भाग जवळून, आणि म्यान दोन्ही बाजूंनी. जुनी चिठ्ठी असेल तर तिचाही. ते आल्याशिवाय बोली लावू नकोस. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
जुना सोबती